पुरणयंत्राचा खटला

सबनीस घराण्यात पाच पिढ्यांत एकही चोर निपजलेला नाही. हे वाक्य विश्वासदादा कॉलर सरळ करत वर्षातून दोनतीनदा तरी म्हणायचे, आणि म्हणताना शेजारी बसलेल्या आपल्या बायकोकडे पाहायचे नाहीत. ते न पाहणं इतकं नेटकं असायचं की खोलीतल्या सगळ्यांना दिसायचं. शिवाय 'निपजलेला' म्हटलं की एक सोय व्हायची. लग्न करून घरात आलेल्यांबद्दल त्यात काहीच येत नव्हतं.

ऑगस्टमधल्या त्या रविवारी दादांनी हे वाक्य सेंगकांगमधल्या नीताच्या इमारतीच्या लिफ्टमध्येच उरकलं. नीता, त्यांची धाकटी भावजय, दोघांना घ्यायला खाली आली होती.

"पाच पिढ्यांत एकही नाही," दादा म्हणाले, "आणि तू आज घरात पंचायत भरवणार. परक्या माणसासमोर."

"परके नाहीत दादा, माझे सर आहेत. मिस्टर टे."

"कुठल्या युनिव्हर्सिटीचे म्हणालीस?"

"अमेरिकेतल्या."

"मिस्टर टे. अमेरिकेतल्या युनिव्हर्सिटीचे." दादांनी दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या करून समोर ठेवल्या, कस्टमचे लोक बॅगेतलं सामान ठेवतात तशा. सुचित्रावहिनी लिफ्टच्या आकड्यांकडे बघत होत्या. त्या अजून एक शब्द बोलल्या नव्हत्या, आणि नीताला तेच जास्त लागत होतं.

दादांचा या पदवीवरचा संशय चार वर्षांचा मुरलेला होता. पहिली दोन वर्षं नीतानं इथल्या एका कॉलेजात डिप्लोमा केला. मग त्या कॉलेजानं अमेरिकेतल्या एका विद्यापीठाशी करार केलेला असल्यामुळे डिप्लोमाचे सगळे क्रेडिट तिकडे धरले गेले आणि उरलेली दोन वर्षं त्याच इमारतीत, त्याच वर्गात, त्याच बिघडलेल्या एसीखाली झाली. फक्त फळ्यावरचं विद्यापीठाचं नाव बदललं. हातात पडणार होती क्रिमिनल जस्टिसमधली बॅचलर्स डिग्री. दादांनी ती इमारत एकदा बाहेरून पाहून ठेवली होती. "खाली फूड कोर्ट, वर अमेरिका," असा त्यांचा अभिप्राय होता. त्यांचं स्वतःचं एमबीए ज्या गावाहून पोस्टानं आलं होतं ते गाव त्यांनी नकाशावरही पाहिलेलं नव्हतं. पण ते नव्वदच्या दशकातलं होतं, आणि तेव्हा पोस्टाला मान होता.

नीताला ती डिग्री हवी होती, कारण एका डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरात अकरा वर्षं पडद्यांसमोर बसून ती लोकांना लिपस्टिक बाहीत सारताना बघत आली होती. तिच्या विभागाचा मॅनेजर डिसेंबरात निवृत्त होणार होता. काम तिला त्याच्यापेक्षा चांगलं यायचं, हे त्यानंच लेखी दिलं होतं. पण त्या खुर्चीला डिग्री लागायची, आणि पुण्याचं बी.कॉम. चोरांच्या बाबतीत चालत नाही असं एचआरचं मत पडलं. आता फक्त एक प्रात्यक्षिक उरलं होतं. खऱ्या माणसांमधला, पोलिसांपर्यंत न गेलेला एखादा खरा अन्याय घ्यायचा. दोन्ही बाजूंना गोल बसवायचं. कोणाला काय लागलं, भरपाई कशानं होईल, हे त्यांचं त्यांना बोलू द्यायचं. सर येऊन बघणार. वर्गातली नोराइनी तुरुंगात नोकरीला होती; ती म्हणाली, "कबूल करणारा कोणीतरी हवाच. नाहीतर सर्कल कशाचं?" ते नीताच्या डोक्यात पक्कं बसलं.

खरा अन्याय शोधायला तिला घराबाहेर जावं लागलं नाही.

दादांचं लग्न त्र्याण्णव साली पुण्यात झालं. घरचं मोठं पितळी पुरणयंत्र इतर भांड्यांबरोबर कार्यालयात गेलं होतं. होळीला पुरण घालायची वेळ आली तेव्हा ते जागेवर नव्हतं. ते मुळात दादांच्या आजीचं, आणि आजी तेव्हा हयात होती, शिवाय जागी होती. तिनं विचारलं. अरुणाबाई, म्हणजे दादांच्या आई, म्हणाल्या, "मुलीकडच्यांच्या सामानात गेलं असेल." पुढे वर्षं गेली तसतसा त्यातला 'असेल' झिजत गेला. नीता लग्न होऊन आली तेव्हा तो अजिबात उरला नव्हता.

स्वयंपाकघरात नीता कोथिंबीर वड्या तळत होती, तेव्हा वहिनी मागे येऊन उभ्या राहिल्या.

"खरं सांग नीता. मलाच का धरलंस?"

"तुम्हाला नाही धरलं वहिनी. पुरणयंत्राचा विषय घेतलाय."

"या घरात दोन्ही एकच आहेत." वहिनींनी एक वडी उचलली, तोडून बघितली, परत ठेवली. "आईंनी लावलं असेल तुला."

"उलट आईच नको म्हणत होत्या. दोन आठवडे माझ्याशी धड बोलल्या नाहीत."

"त्या नको म्हणाल्या?" वहिनींची मान वळली. "वीस-बावीस वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवतात, आणि आज नको?"

नीताच्याही मनात हे आलं होतं. पण तिच्या मनात डिसेंबरही होता, आणि तो जास्त जागा अडवत होता.

"काय कुजबुज चाललीय जावा-जावांची?" दारात अरुणाबाई. तीन महिने थोरल्याच्या काँडोत, तीन महिने धाकट्याच्या फ्लॅटमध्ये अशी त्यांची वर्षं चालत, आणि जिथे असत तिथलं स्वयंपाकघर त्यांचं असे. "तेल फार तापलंय, नीता."

"आई, हातात धरायला काहीतरी द्या," नीता म्हणाली. "सर्कलमध्ये एक वस्तू फिरवायची असते. ती ज्याच्या हातात, त्यानंच बोलायचं. बाकीच्यांनी ऐकायचं."

"बाकीच्यांनी गप्प बसायचं?" आईंना ही अमेरिकन कल्पना पहिल्यांदाच कळत होती. "नारळ घे मग."

"नारळ नको," वहिनी म्हणाल्या. "कोणीतरी कोणाच्या डोक्यात घालेल."

नीतानं फळीवरचा स्टीलचा डबा काढला. आईंनीच पुण्याहून आणलेला, सातांच्या संचातला मधला. झाकणावर बारीक टिंबाटिंबांनी नाव घातलेलं होतं: सौ. अरुणा सबनीस. "घरचाच आहे," ती म्हणाली. "बरा दिसेल."

"तो नको," आई म्हणाल्या. फार लगेच म्हणाल्या. "त्यात रवा आहे."

"रिकामा आहे आई. परवाच संपला."

आईंनी डबा तिच्या हातून घेतला, पदरानं पुसला, आणि परत देताना त्यांचा तळवा झाकणावर तसाच राहिला. अकरा वर्षांत नीता एक गोष्ट शिकली होती. नवखा चोर वस्तूकडे बघत राहतो. सराईत वस्तू सोडून सगळीकडे बघतो. आई खिडकीबाहेर समोरच्या ब्लॉकला राष्ट्रीय दिनासाठी टांगलेले झेंडे मोजल्यासारखं बघत होत्या.

मिस्टर टे वेळेवर आले. बूट दाराबाहेर काढून ठेवले, मोजे पांढरेशुभ्र. तुरुंग खात्यातून निवृत्त झालेला हा माणूस शांतपणे खुर्चीत बसला आणि समोर आलेल्या प्रत्येक गोष्टीला "कॅन, कॅन", म्हणजे चालेल, म्हणाला: पंख्याला, चहाला, वड्यांना, आणि बोलणं मराठीत होईल यालाही. भाषांतराला जाई होती, नीता-निशिकांतची लेक, ज्युनियर कॉलेजात दुसऱ्या वर्षाला.

सात खुर्च्या गोल मांडल्या होत्या. निशिकांतनं दाराजवळची धरली. आंग मो किओच्या कारखान्यात तो मशिनं बंद पडली की बोलवायचा माणूस होता. माणसं सुरू झाली की त्याला काही सुचत नसे.

नीतानं नियम सांगितले आणि डबा आधी दादांकडे दिला.

"मला एवढंच म्हणायचंय," दादा म्हणाले, "की झालं ते झालं. आमच्या घराण्यात पाच पिढ्यांत..."

"काका, आई म्हणाली, दॅट वन ऑलरेडी सेड इन द लिफ्ट, लाह," जाई म्हणाली.

"डबा माझ्या हातात आहे ना?"

"हो, पण सरांना मी काय सांगू? फाइव्ह जनरेशन्स नो क्रिमिनल रेकॉर्ड?"

मिस्टर टे यांनी कौतुकानं मान हलवली. त्यांच्या नोकरीत असं घराणं भेटायचा योग नव्हता.

डबा निशिकांतकडे गेला. त्यानं तो उलटा करून बुडाची जोडणी पाहिली. "मी तेव्हा कॉलेजात होतो. मला काही आठवत नाही," म्हणाला आणि पुढे सरकवला.

"तुला कसं आठवत नाही?" दादा म्हणाले. "टेम्पोत भांडी तूच चढवलीस ना?"

"मी चढवली. उतरवली कोणी? तुमच्या मित्रांनी."

"माझ्या मित्रांवर येऊ नकोस. सुबोधनं स्वतःचा टेम्पो दिला होता, फुकट."

"मग फुकट का दिला, विचारा की!"

"डबा कोणाच्या हातात आहे?" नीता म्हणाली. डबा आईंच्या हातात होता. दोन्ही भाऊ गप्प झाले, पण दोघांच्या तोंडावर बावीस वर्षांत पहिल्यांदाच सुबोधबद्दलचा विचार दिसत होता. मिस्टर टे यांनी वहीत काहीतरी टिपलं.

आईंनी डबा मांडीवर घेतला. झाकणावर तळवा. "मला काही बोलायचं नाही. मी कोणाचं नाव घेतलेलं नाही. कधीच नाही. मी आपलं म्हटलं, गेलं असेल. त्यावरून लोकांनी काय ते धरलं."

"आजी सेज शी नेव्हर अक्यूज्ड एनिवन," जाई म्हणाली, आणि मराठीत पुटपुटली, "आजी, सीरियसली?"

"मोठ्यांच्या मध्ये बोलू नये."

"मी ट्रान्सलेटर आहे, आजी."

नीता बघत होती. तळवा हलला नव्हता. एखाद्या पडद्यावर कोणी इतका वेळ एकाच ठिकाणी हात ठेवून उभा राहिला असता तर तिनं वर माणूस पाठवला असता. इथे वर कोण पाठवणार? तिनं सासूला विचारलं, तर निशिकांत तोंडानं काही म्हणणार नाही, आणि ते न म्हणणं तिला जन्मभर पुरेल. नाही विचारलं, तर कबूल करणारा कोणी नाही, प्रात्यक्षिक नाही, डिग्री नाही. डिसेंबरात त्या खुर्चीवर बाहेरचा कोणीतरी पोरगा येऊन बसेल, आणि त्याला कॅमेरे कुठे आहेत हेही नीताच दाखवेल.

डबा वहिनींकडे गेला. त्यांनी तो दोन्ही हातांत धरला, एकदा नीताकडे पाहिलं, आणि अगदी सपाट आवाजात म्हणाल्या,

"मी घेतलं."

"काय?" दादा म्हणाले.

"पुरणयंत्र. मीच घेतलं. माहेरच्या सामानात घालून पाठवलं. चुकलं माझं. भरपाई काय द्यायची ती सांगा. झालं ना नीता आता तुझं?"

जाईनं भाषांतर केलं. मिस्टर टे पुढे सरकून बसले. दादा बायकोकडे पाहत होते, आणि यावेळी खरंच पाहत होते.

नीताला फक्त मान हलवायची होती. धन्यवाद वहिनी, म्हणायचं, नुकसान काय झालं ते आईंना विचारायचं, सगळ्यांना चहा द्यायचा. डिग्री हातभर अंतरावर येऊन उभी राहिली होती. पण खोट्या कबुलीजबाबावर सहाव्या सत्रात अख्खा पेपर होता, आणि तिला त्यात वर्गात सगळ्यात जास्त मार्क होते. माणूस न केलेलं का कबूल करतो? थकतो म्हणून. समोरच्याचं काम व्हावं म्हणून. आणि ओळखायचं कसं? करणाऱ्यालाच माहीत असेल असं काहीतरी विचारायचं.

तिची जीभ तिच्या आधी हलली.

"वहिनी, त्याला पाय किती होते?"

वहिनी गोंधळल्या. "कशाला?"

"पुरणयंत्राला."

"पाय... चार."

"तीन!" आई कडाडल्या. डबा नसताना, नियम मोडून, खुर्चीतून अर्ध्या उठून. "काहीतरी सांगू नकोस! तीन पाय होते त्याला, आणि त्यातला एक वाकडा! म्हणे घेतलं! हिनं कसलं घेतलंय? वाकड्या पायापायीच तर मोडीवाल्यानं मला सहा डबेच देतो म्हणून..."

त्या थांबल्या. वाक्य मात्र थांबलं नाही. ते खोलीत सगळ्यांपर्यंत जाऊन आलं.

"वेट, वेट," जाई म्हणाली. "मोडीवाला म्हणजे काय? सरांना काय सांगू?"

"जुनं पितळ घेऊन नवीन स्टील देणारा," निशिकांत हळूच म्हणाला. भांडी-मशिनं यातलं असल्यामुळे एवढं त्याला सांगता आलं. मग त्यानं वहिनींच्या हातातल्या डब्याकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं.

"सातवा मी भांडून घेतला," आई म्हणाल्या. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं, तेव्हा निदान सौद्याची बाजू तरी नीट जावी असं त्यांना वाटलं असावं. "सगळ्यांच्या घरी स्टील आलं होतं. आमच्याकडे पितळ. चिंचेनं घासून घासून माझी बोटं... आणि लग्न झाल्यावर सगळी भांडी तशीच अंगणात पडलेली. तो दारावर आला. सासूबाई झोपल्या होत्या. मला वाटलं, होळीपर्यंत सांगू. होळीला त्यांनी विचारलं तेव्हा त्यांच्या हातात काठी होती."

दादांनी घसा खाकरला. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडत होता. "म्हणजे चोरी झालीच नाही," ते म्हणाले. "पाच पिढ्यांत..."

"हो," वहिनी म्हणाल्या. "तुमचं रेकॉर्ड स्वच्छ आहे. मिठाई वाटा."

डबा अजून त्यांच्याच हातात होता. त्यांनी झाकणावरच्या नावावरून बोट फिरवलं.

"माझ्या बाबांच्या कानावर कोणीतरी घातलं होतं. त्या वर्षीच. ते टिळक रोडला गेले आणि नवीन पितळी पुरणयंत्र घेऊन तुमच्याकडे आले, आठवतं ना आई? दुकानदार म्हणाला, नाव घालून देतो. मुलीच्या सासरी देताना सगळे घालतात. बाबा नको म्हणाले. दिलेल्या वस्तूवर नाव घालतात, म्हणाले, परत केलेल्या वस्तूवर नाही." त्यांनी बोट नावावरून उचललं. "घेतलेलं नव्हतंच, तरी परत करून गेले. मला कधी विचारलंसुद्धा नाही, की तू नेलंस का. वारले तेव्हाही त्यांना वाटतच असणार, की नेलं असेल."

जाईनं भाषांतर सुरू केलं आणि अर्ध्यावर सोडलं. मिस्टर टे यांनी हातानंच, राहू दे, अशी खूण केली.

आईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "ते मी एकदाही वापरलं नाही, सुचित्रा. माळ्यावर ठेवलं. हात होईना."

"मग त्यावर बाबांचं नाव घाला. एवढीच भरपाई. सगळे त्यांना मास्तर म्हणायचे, तर मास्तरांनी दिलं असं घाला, आणि होळीला त्यात पुरण काढा. तुम्ही स्वतः."

"घालते," आई म्हणाल्या. "पुण्याला जाईन तेव्हा पहिलं तेच करते."

नीतानं मनातली यादी तपासली. कबूल झालं होतं, नुकसान सांगून झालं होतं, करार होत होता. पुस्तकात अगदी असंच होतं, फक्त गुन्हेगार दुसऱ्या खुर्चीत निघाला होता.

"दुसरं काहीतरी ठरवू या का?" दादा म्हणाले.

सगळे त्यांच्याकडे वळले. त्यांनी डब्यासाठी हात पुढे केला. त्या दिवशी नियमानं डबा मागणारे ते पहिलेच.

"गेल्या वर्षी पुण्याचं घर रंगवलं ना मी," डबा घट्ट धरून ते म्हणाले, "तेव्हा माळा रिकामा केला. सगळं भंगारात दिलं. एक पितळी काहीतरी होतं. कागदात गुंडाळलेलं. मला वाटलं, पंपाचा भाग आहे."

आधी वहिनी हसल्या. हसू चांगलं नव्हतं, पण थांबतही नव्हतं. मग जाई, मग निशिकांत, आणि शेवटी पदर तोंडाला लावून आईसुद्धा. दादा एकटेच डबा हातात धरून बसले होते. बोलायचा अधिकार पूर्णपणे त्यांचा होता आणि त्यांना काही सुचत नव्हतं.

"हाच डबा द्या," वहिनींनी डोळे पुसत तो त्यांच्या हातून काढून घेतला. "यावर घालू बाबांचं नाव. आईंच्या नावाखाली."

"इथे कोण घालून देणार?" आई म्हणाल्या. आवाजात तक्रार होती, पण 'हो'ही होता.

"ट्रॉफी शॉप कॅन डू," जाई म्हणाली. "फक्त इंग्लिश लेटर्स असतील, आजी."

"असू दे. मास्तर इंग्रजीच शिकवायचे."

मिस्टर टे यांनी उरलेल्या वड्या दुसऱ्या एका डब्यात भरून घ्यायला आढेवेढे घेतले नाहीत. नीता त्यांना लिफ्टपर्यंत सोडायला गेली. बूट घालताना ते म्हणाले, फार चांगलं सर्कल, लोक खरं बोलले. पण एक शंका. हे इतकं जुनं, इतकं घरातलं कशाला काढलं?

"सर, कबूल करणारा कोणीतरी लागतो ना?"

"नो, लाह," मिस्टर टे म्हणाले. कुठलाही वाद चालतो. कबुलीची गरज नसते, माणसं तासभर बसली की झालं. गेल्या बॅचमधलं सगळ्यात चांगलं सर्कल कॉरिडॉरमध्ये ठेवलेल्या चपलांच्या रॅकवरून झालं होतं.

लिफ्ट आली. ते गेले.

निकाल पुढच्या महिन्यात लागला. सर्कल चालवणाऱ्यानं उलटतपासणी करायची नसते, पाय किती होते हा प्रश्न नियमात बसत नाही, असा शेरा होता. नीताला सी-प्लस मिळाला. पास व्हायला सी पुरायचा.